ऊन दाखवलेली गादी

माझ्या पोरीनं बनवलेल्या गादीच्या कोपऱ्यात लेबल शिवलं होतं: 'उन्हात ठेवू नये.' मी नदाफांची मुलगी. गादीला ऊन दाखवू नको असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती.

नदाफ म्हणजे पिंजारी. सोलापुरात आमचं गाद्यांचं दुकान होतं. अब्बांना मुलगा नव्हता, म्हणून पिंजणाची तार त्यांनी माझ्या हातात दिली आणि सगळ्या मोहल्ल्यानं तोंडात बोटं घातली. चाळीस वर्षं मी कापूस पिंजला, दाभणानं टाके घातले. भरलेली गादी नुसती उचलून आत किती कापूस आहे ते सांगायचे, वीस-पंचवीस ग्रॅम इकडेतिकडे. माझी एकुलती एक तरन्नुम हे सगळं सोडून पुण्याला गेली, धाग्यांचं शास्त्र शिकली आणि तिथल्याच एका छोट्या प्रयोगशाळेत लागली. जाताना मी तिला म्हणाले होते, "कापूस सोडून प्लास्टिक कातायला चाललीस ना, जा." ते बोलणं अकरा वर्षं आम्हा दोघींच्या मध्ये बसून होतं. ती ईदला यायची, पोटभर जेवायची, पण कामाचं अक्षर काढायची नाही. मीही विचारायची नाही. मला माझा हट्ट प्यारा.

मग उन्हाळी कामाचा कायदा आला. तोवर सोलापुरात सत्तेचाळीस अंशांची बातमी व्हायची बंद झाली होती, कारण ते रोजचंच झालं होतं. मार्च ते जून सकाळी दहा ते संध्याकाळी पाच पत्र्याखाली किंवा उघड्यावर काम बंद. यंत्रमाग रात्री चालू लागले, बांधकामं रात्री, भाजीबाजार पहाटे. शहरानं दिवसा झोपावं असं सरकारनं ठरवलं. आता पत्र्याच्या खोलीत भर दुपारी कोण माईचा लाल झोपणार, ते सरकारला विचारा. शेवटी महापालिकेनं एका बंद गिरणीच्या दगडी इमारतीत बायकांसाठी दिवसनीज केंद्र काढलं. जाड भिंती, उंच छत, नवारीच्या दोनशे खाटा. माझं दुकान फोमच्या गाद्यांनी कधीच गिळलं होतं. मी केंद्रावर देखरेखीला लागले.

केंद्रात बाहेरच्यापेक्षा बरंच कमी, पण तरी छत्तीस अंश असायचे. त्यात दोनशे बायकांचा श्वास आणि घाम. पंखा म्हणजे चुलीपुढं धरलेली फुंकणी. बायका सकाळी सातला यायच्या आणि दुपारी दोनच्या घंटेपर्यंत कुशी बदलत पडायच्या.

त्यात सगळ्यात वाईट हाल अंबव्वाचे. अंबव्वा टॉवेलच्या मागावर होती, वय एकोणपन्नास. त्या वयात बायकांच्या अंगात मधेच भट्टी पेटते. मी त्यातून गेले आहे, मला कुणी सांगायला नको. ती झोपायची आणि अर्ध्या तासात घामानं थबथबून उठून बसायची. एप्रिलमध्ये मागावर तिचा डोळा लागला, सूत नेणारा धोटा उडाला आणि मनगटावर बसला. हाड वाचलं. मुकादमानं सांगितलं, "पुन्हा डोळा लागला तर माग दुसरीला देईन." नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात कमावणारी ही एकटी.

"भाभी," ती मला म्हणायची, "मला जेवण नको, काही नको. मला फक्त सहा तास कुणीतरी मारून टाका."

मे महिन्यात महापालिकेनं ठरवलं की सगळ्या केंद्रांसाठी एकच गार राहणारी गादी निवडायची. बाराशे गाद्या. चाळून चाळून दोन उरल्या. एक मुंबईच्या मोठ्या कंपनीची. दुसरी पुण्याच्या एका प्रयोगशाळेची, आणि त्या कागदावर सही होती तरन्नुम नदाफ. मला हे पोरीनं नाही, निवड समितीच्या देवकाते मॅडमनी सांगितलं.

"तुमची मुलगी आहे म्हणून परीक्षेत ढिलाई चालणार नाही हं, मेहरूनबी," मॅडम म्हणाल्या. "आठवडाभर ही गादी, आठवडाभर ती. आणि झोपणार अंबव्वा. जिला सगळ्यात जास्त उकडतं तिला झोप लागली तर सगळ्यांना लागेल."

पहिला आठवडा कंपनीचा. गादी आली, आम्ही सगळ्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि हात काढावासा वाटेना. कापलेल्या कलिंगडासारखी गार. मीसुद्धा तळवा दाबून बघितला आणि मनात म्हटलं, पोरी, हरलीस तू.

अंबव्वा पडली, हसली, दहा मिनिटांत घोरायला लागली. पाऊण तासानं उठून बसली.

"भाभी, तव्यावर टाकल्यासारखं होतंय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तेवढीही झोप नाही. पाचव्या दिवसापासून तर ती गादीवरून उतरून फरशीवरच झोपायला लागली.

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला तरन्नुम स्वतः गादी घेऊन आली. मी न राहवून विचारलं, "ती हाताला इतकी गार लागत होती. मग झालं काय?" अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तिला कामाचं विचारलं होतं.

सकाळची वेळ होती, हॉल अजून तापला नव्हता. तिनं एक रिकामा स्टीलचा तांब्या माझ्या एका हाताखाली ठेवला आणि दुसऱ्या हाताखाली लाकडी पाट. "गार कुठलं, अम्मी?"

"तांब्या."

"दोन्ही रात्रभर एकाच खोलीत आहेत. गारवा दोघांचाही सारखाच. तांब्या फक्त तुझ्या हातातली ऊब पटकन ओढतो, म्हणून गार वाटतो. जरा वेळ धरून ठेव, तोही तुझ्याएवढाच गरम होईल. लोक दुकानात जातात, गादीवर अर्धा मिनिट हात ठेवतात आणि निवडतात. झोप अर्ध्या मिनिटाची नसते." तिनं पुढं सांगितलं की कंपनीच्या गादीत मेणाचे बारीक दाणे असतात. मेण वितळताना ऊब पितं. पण ते अठ्ठावीस अंशांना वितळतं. थंड खोलीतून आलेली गादी पहिला पाऊण तास काम करते, मग मेण वितळून संपलं. आमच्या छत्तीस अंशांच्या हॉलमध्ये ते पुन्हा गोठायचं कधी?

"आणि तुझं प्लास्टिक?" मी म्हटलं. जीभ आहे माझी, काय करू.

ती रागावली नाही. "झोपलेलं माणूस म्हणजे ऐंशी वॅटचा जुना दिवा समज. सतत पेटलेला. खोली अंगाएवढीच गरम असली की ही ऊब बाहेर पडायला एकच दार उरतं, घाम उडून जाणं. चमचाभर घाम पूर्ण उडाला तर अडीच मिनिटांची ऊब घेऊन जातो. पण पाठ गादीला चिकटलेली असते. तिथला घाम उडतच नाही, नुसता ओला राहतो. माझा धागा ती वाफ पितो. सूक्ष्म भोकांचा आहे, पाठीपाशी हवा कोरडी ठेवतो. कोरडी हवा मिळाली की घाम उडतो, पाठ निवते."

"आणि ती ऊब जाते कुठं?"

"वाफ खाली धाग्यात मुरते तिथं. उष्णता मरत नाही अम्मी, फक्त घर बदलते. म्हणून धागा गादीच्या खालच्या अंगाला भरलाय आणि म्हणून मला नवारीची खाट लागते. खालून मोकळी. लाकडी पेटीच्या पलंगावर ही गादी चालणार नाही." धाग्यात दोन दिवसांचा घाम मावतो, मग तो वाळवावा लागतो, त्यासाठी आत विजेची जाळी आहे, रोज दुपारी आपोआप दोन तास तापते, असंही तिनं सांगितलं. जाताना लेबलावर बोट ठेवलं. "आणि हिला ऊन लावायचं नाही. उन्हानं धागा मोडतो."

मला त्या तांब्याचाच विचार पडला होता. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना 'हात लावून बघा' म्हणत मी गाद्या विकल्या होत्या.

पहिल्या दिवशी अंबव्वा पाच तास झोपली, दुसऱ्या दिवशी साडेपाच. तिच्या पाठीवर चिकटवलेली पट्टी सगळे आकडे पुण्याला पाठवत होती. तिसऱ्या दिवशी ती दहालाच उठून बसली. "भाभी, गादी जड झाली. दमट लागते."

मी गादी उचलली. अर्धा किलो जास्त. माझे हात खोटं बोलत नाहीत. मग लक्षात आलं. दुपारी दोन ते पाच आमच्याकडे भारनियमन. पोरीची जाळी तापणार कधी? पुण्याच्या प्रयोगशाळेत दिवे जात नसतील.

तिला फोन करायला हवा होता, कबूल आहे. पण त्या वेळी माझ्या डोक्यात फोन नव्हता. नदाफाच्या घरची गादी दमट आहे आणि लोक ती बघताहेत, एवढंच दिसत होतं. दमट गादीला एकच उपाय मला माहीत. दोनची घंटा झाली, बायका उठल्या, मी गादी पाठीवर घेतली आणि गच्चीवर गेले. तिथं गळती थांबवायला डांबर फासलेलं, पाय ठेववत नव्हता. अब्बांनी शिकवलं होतं, ऊन गादीच्या पाठीला दाखवायचं, तोंडाला, म्हणजे झोपायच्या बाजूला, नाही. तोंडाचं कापड विटतं, गिऱ्हाइकाला विटलेलं आवडत नाही. गादी पालथी घातली, धूळ बसू नये म्हणून वर जुनी काळी चादर पांघरली. साडेपाचला उतरवली तेव्हा फुलासारखी हलकी होती.

चौथ्या दिवशी अंबव्वा साडेसहा तास झोपली.

मग काय, मी रोज न्यायला लागले. सातव्या दिवशी ती आरशात बघून म्हणाली, "भाभी, माझ्या डोळ्याखालचं काळं गेलं का हो?" मी म्हटलं, "अजून आहे, पण आता माणसासारखी दिसतेस."

समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी तरन्नुम सोलापूरला आली. संध्याकाळी हसत हसत तिनं मला अहवाल दाखवला. मी चष्मा लावून वाचला. त्यात लिहिलं होतं: 'धागा पहिले तीन दिवस रुळतो, त्यानंतर पूर्ण क्षमतेने काम करतो.' खाली तिची सही.

धागा रुळला नव्हता. त्याला मी वाळवलं होतं. पोरीला वाटत होतं तिची जाळी चालली.

मी ताट वाढलं, तिच्यासमोर बसले. खरं सांगते, गप्प राहावंसं वाटलं. उद्या ती जिंकणार होती. आणि मी सांगितलं तर ती म्हणणार, अकरा वर्षं माझ्या कामाला नावं ठेवलीस आणि शेवटी ते हातानं बिघडवलंस. पण अंबव्वाचं मनगट डोळ्यांसमोरून हलेना. बाराशे गाद्या येतील. तिसऱ्या दिवशी बाराशे गाद्या दमट होतील. अंबव्वा पुन्हा मागावर पेंगेल, आणि या वेळी धोटा कुठं बसेल कुणास ठाऊक.

सकाळी चहाच्या वेळी मी सगळं सांगितलं. भारनियमन, गच्ची, डांबर, चादर.

तरन्नुमनं कप खाली ठेवला. "अम्मी, लेबल वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, पोरीला काय कळतंय."

ती उठली, खिडकीपाशी गेली, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. चहावर साय धरली. मला वाटलं आता ही बॅग उचलून जाणार, आणि तिचं चुकलंही नसतं. मग तिनं वळून विचारलं, "दमट होती तेव्हा किती जड होती?"

"अर्धा किलो. दहा-वीस ग्रॅम वर असेल."

"आणि वाळल्यावर?"

"तू आणलीस तेवढीच. पहिल्या दिवशी उचलली होती ना मी."

"पालथी का घातलीस?"

मी तोंडाच्या कापडाचं सांगितलं. ती खुर्चीत बसली. स्वतःशीच बोलायला लागली, बोटं टेबलावर फिरायला लागली. ऊन मोडतं ते वरच्या कापडाला आणि उघड्या धाग्याला. पालथी घालून वर काळी चादर टाकली तर किरण आत जात नाहीत, नुसती ऊब जाते. डांबरावर सत्तर अंश असणार. तिच्या जाळीलासुद्धा सत्तरच हवे होते. "मी आठ महिने त्या जाळीवर घालवले, अम्मी," ती म्हणाली. "आठ महिने. आणि सोलापूरच्या डोक्यावर भट्टी फुकट पेटलेली."

अकराला बैठक. मी दाराशी स्टुलावर बसले होते. आत देवकाते मॅडम, समितीचे आणखी चौघं आणि कंपनीचा माणूस. तरन्नुम काय करणार ते तिनं मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "आकडे स्पष्ट आहेत. पुण्याची गादी सरस. काही सांगायचंय?"

तरन्नुम उभी राहिली. तिनं अहवाल हातात घेतला आणि त्यातलं ते वाक्य पेनानं खोडलं, सगळ्यांच्या देखत. "धागा रुळत नाही. हे मी चुकीचं लिहिलं. माझी वाळवण्याची जाळी इथं चाललीच नाही, कारण दुपारी वीज नसते, आणि मी ते तपासलं नाही. चौथ्या दिवसापासूनचं यश माझं नाही. केंद्राच्या देखरेखीला असलेल्या मेहरून नदाफ यांनी गादी वाळवली. त्या माझ्या आई आहेत. चाळीस वर्षं त्या गाद्या बनवत होत्या. मी त्यांना विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते मी पुसलं नाही. माझ्या लग्नात, तिच्या जन्माच्या वेळी, तिच्या पदवीच्या दिवशीही मला एवढा अभिमान वाटला नव्हता. जिंकलेला डाव तिनं स्वतःच्या हातानं उलटून ठेवला होता, आणि आवाज जरासुद्धा कापत नव्हता.

कंपनीचा माणूस लगेच म्हणाला, "म्हणजे परीक्षेच्या अटी मोडल्या. ही गादी बाद व्हायला हवी."

"मोडल्या," तरन्नुम म्हणाली. "माझा आठवडा रद्द करा. मला नवा आठवडा द्या. गादीतून जाळी काढून टाकते. वीज नको. रोज ऊन. आधी आणि नंतर काट्यावर वजन, सगळ्यांसमोर. अंबव्वाच झोपतील."

समितीत बरीच कुजबुज झाली. शेवटी देवकाते मॅडमनी कंपनीच्या माणसाकडे बघितलं. "तुम्हालाही आणखी एक आठवडा देते. वाटलं तर तुमचीही उन्हात ठेवून बघा." त्यानं नको म्हणून मान हलवली. मेणाला ऊन दाखवून काय होणार, ते त्यालाही माहीत होतं.

तो आठवडा मी आणि तरन्नुमनं एकत्र गादी वर नेली. पहिल्या दिवशी तिनं ती कडेला धरली. "कडेला नाही," मी ओरडले, "टाके उसवतात. मधून धर, खांद्यावर घे, कापूस असो की तुझा तो धागा, गादी ही गादीच." तिनं मुकाट्यानं खांद्यावर घेतली. खाली उतरवल्यावर काट्यावर ठेवायच्या आधी ती मला विचारायची, "सांग." मी सांगायचे. काटा माझ्यापेक्षा कधी वीस ग्रॅम वर, कधी वीस खाली. चौथ्या दिवसापासून ती आधी स्वतः उचलून बघायला लागली. पाचव्या दिवशी ती चाळीस ग्रॅमनं चुकली. मी म्हटलं, "येईल हळूहळू."

सातव्या दिवशी दुपारी समिती केंद्रावर आली. दोन वाजायला आले होते. देवकाते मॅडमच्या हातात सगळे आकडे होते, पण त्यांना माणूस बघायचं होतं. हॉलमध्ये बायका झोपलेल्या, कुणी कूस बदलत, कुणी पदरानं वारा घेत. कोपऱ्यातल्या खाटेवर अंबव्वा उताणी, तोंड उघडं, मनगटावरचा व्रण छातीवर. तिच्या खाली माझ्या पोरीची गादी आणि गादीखाली मोकळी नवार.

मॅडम वाकल्या आणि गादीवर हात ठेवायला गेल्या. तरन्नुमनं हळूच त्यांचं मनगट धरलं. "हात लावून नाही कळत, मॅडम."

दोनची घंटा झाली. ती गिरणीची जुनी घंटा, अर्ध्या शहराला ऐकू जाते. एकशे नव्याण्णव बायका उठल्या. चपला, भांडी, नळाचं पाणी, आपसातली भांडणं, सगळा हॉल भरून गेला.

अंबव्वा उठली नाही.

मॅडम तिला हलवायला पुढं झाल्या, तेव्हा मी मध्ये उभी राहिले. मोठ्या अधिकारी बाईंसमोर मी पहिल्यांदाच अशी आडवी आले. "झोपू द्या तिला," मी म्हटलं. "पाळी संध्याकाळी सातची आहे. गादीला ऊन उद्या दाखवू."

मॅडम थांबल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि तिथंच बसून कागदावर सही केली.

बाराशे गाद्यांवर लेबल लागलं, ते तरन्नुमनं माझ्याकडून शिवून घेतलं, पहिलं तरी. जुनं मी दाभणानं उसवलं. नव्यावर लिहिलं आहे: 'रोज दुपारी ऊन दाखवा. पालथी घालून, वर काळी चादर टाकून. नवारीवरच अंथरा.' त्याच्या खाली, जिथं शास्त्रज्ञ आपलं नाव लिहितात, तिथं दोन नावं आहेत. मी तिला म्हटलं, माझं कशाला, वय झालं माझं. ती म्हणाली, "गप्प बस, अम्मी, आणि टाका सरळ घाल."

मी टाका सरळ घातला. पोर समोर बसून बघत होती, आणि तिला तो सरळ आहे की नाही हे कळत होतं.